तिघांतला एक उठतो तेव्हा: किंग्स्टन ट्रिओच्या बदलत्या संचाचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

कलाकारांचे हिशेब आणि करारपत्रं बघण्याचं काम मी बरीच वर्षं करते. गेल्या पावसाळ्यात तीन मुलं माझ्याकडे आली. एक संबळ वाजवणारा, एक तुणतुण्यावरचा, तिसरा पेटी घेऊन पुढे गाणारा. गोंधळ, भारुडं, जात्यावरच्या ओव्या असा दीड तासाचा कार्यक्रम त्यांनी सहा वर्षांत नीट बसवला होता. सुपाऱ्याही बऱ्या येत होत्या. पुढे गाणाऱ्याला आता नोकरीसाठी गाव सोडायचं होतं. भांडण काही नव्हतं. तरी संबळवाला सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, हा गेल्यावर नाव आम्ही चालवायचं, की तेही बंद करायचं?"

मी विचारलं, नाव कुठल्या कागदावर आहे? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोस्टरवर, असं उत्तर आलं.

त्या दिवशी मी त्यांना किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकेतल्या लोकगीतं गाणाऱ्या त्रिकुटाची हकिगत सांगितली, कारण या प्रश्नाची जवळजवळ प्रत्येक बाजू त्या एका त्रिकुटाच्या साठ वर्षांत येऊन गेली आहे. तीच इथे सविस्तर मांडते. एरवी असं प्रकरण लिहिताना मी नावं झाकते, आणि या तीन मुलांची झाकलीच आहेत. किंग्स्टन ट्रिओची माणसं जाहीर जीवनातली; त्यांची नावं झाकली तर प्रकरणच कळणार नाही.

पार्श्वभूमी

डेव्ह गार्ड आणि बॉब शेन हे होनोलुलूच्या पुनाहू शाळेतले मित्र. हवाईत युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, घरोघरी. शाळकरी वयात दोघं त्यावर आणि गिटारवर गाणी म्हणायचे. पुढे दोघं कॅलिफोर्नियात शिकायला आले, गार्ड स्टॅनफर्डला आणि शेन जवळच्याच मेन्लो कॉलेजला. मेन्लोत अकाउंटिंगच्या वर्गात शेनची निक रेनॉल्ड्सशी ओळख झाली. रेनॉल्ड्स नौदल अधिकाऱ्याचा मुलगा, सॅन दिएगोजवळच्या कोरोनाडोचा. कॉलेजच्या आसपासच्या बिअर गार्डनमध्ये, मित्रांच्या पार्ट्यांत तिघं गायला लागले. त्या दिवसांत अमेरिकेत कॅलिप्सोची, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या गाण्यांची, लाट होती, म्हणून यांची गाणीही त्याच वळणाची.

पण सुरुवातीचा संच या तिघांचा नव्हता, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. शिक्षण संपवून शेन हवाईला घरी परतला, घरच्या खेळसाहित्याच्या धंद्यात लागला आणि रात्री क्लबांत एल्व्हिस या रॉक-अँड-रोल गायकाच्या धर्तीवर एकटा गाऊ लागला. इकडे गार्ड आणि रेनॉल्ड्सनी जो गॅनन हा बास वाजवणारा आणि बार्बरा बोग ही गायिका यांना घेऊन चौघांचा संच केला. पालो आल्टोतल्या एका छोट्या ठिकाणी फ्रँक वर्बर नावाच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या माणसाने त्यांना ऐकलं. त्याला होतकरूपणा दिसला, पण गॅननचं वादन कच्चं वाटलं. गॅननला बाजूला करायचं ठरलं, तशी बार्बराही त्याच्याबरोबर बाहेर पडली. मग हवाईला निरोप गेला आणि शेन परत आला.

म्हणजे त्रिकूट जन्मलं तेच एकाला वगळून. निर्णयाचा पहिला टप्पा हा. तो कलेच्या बाजूने बरोबर होता, हे पुढच्या सगळ्या इतिहासावरून दिसतं. पण तो बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून झाला, आणि माणूस बदलता येतो ही गोष्ट त्या दिवसापासून त्यांच्या घडणीत बसली.

वर्बरने त्यांचा व्यवस्थापक व्हायचं कबूल केलं. पहिला करार कागदी नॅपकिनवर लिहिला गेला, असं सांगतात. नंतर त्याने मुलांना अक्षरशः घासून घेतलं. ज्युडी डेव्हिस या आवाजाच्या शिक्षिकेकडे पाठवलं, तासन्‌तास तालमी घेतल्या, दोन गाण्यांच्या मधलं बोलणंसुद्धा बसवून घेतलं. जून १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल अनियन क्लबमध्ये फिलिस डिलर या विनोदी कलावतीचा कार्यक्रम रद्द झाला आणि मुलांना एक आठवडा मिळाला. वर्बरने त्यांना ओळखीच्या लोकांना पोस्टकार्डं लिहायला बसवलं, पाचशे. आठवडा भरला, मुदत वाढली, पुन्हा वाढली. वर्ष संपत आलं तरी ते तिथेच गात होते. पाठोपाठ कॅपिटल रेकॉर्ड्सचा करार झाला.

आवाजाची मांडणी समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेनचा आवाज मध्यात, किंचित खरखरीत, गाणं खांद्यावर घेऊन चालणारा. रेनॉल्ड्स त्याच्यावर, चार तारांची टेनॉर गिटार छातीशी धरून, मधूनच काँगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल वाजवत. गार्डकडे बँजो: लांब दांडीचा, लोकगायक पीट सीगरने रूढ केलेल्या घडणीचा, ज्यात नेहमीपेक्षा तीन पडदे जास्त असतात आणि त्यामुळे खालच्या पट्टीतही गाता येतं. गाण्यांची जुळवणी, म्हणजे कोणी कुठे काय गायचं-वाजवायचं याची आखणी, बरीचशी गार्डची, प्रेक्षकांशी बोलणंही त्याचंच. तिघांच्या अंगात एकसारखे पट्ट्यापट्ट्यांचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. आणि मागे, फोटोत सहसा न दिसणारा चौथा, डेव्हिड 'बक' व्हीट, जॅझमध्ये मुरलेला बासवादक.

अडचण

जून १९५८ मध्ये पहिली तबकडी आली. तिच्यातल्या 'टॉम डूली' या गाण्याचा कंपनीने वेगळा विचारही केला नव्हता. सॉल्ट लेक सिटीच्या रेडिओवरच्या निवेदकांनी ते उचललं, सारखं वाजवलं, आणि मग ते सुटं काढावं लागलं. नोव्हेंबर १९५८ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. १९५९ मध्ये ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या पहिल्या सोहळ्यात त्याला 'कंट्री अँड वेस्टर्न' गटातला पुरस्कार दिला गेला, कारण लोकसंगीताचा गटच तेव्हा नव्हता; पुढच्या खेपेला तो आला. १९५९ च्या अखेरीस खपाच्या यादीतल्या पहिल्या दहा तबकड्यांत चार एकाच वेळी या तिघांच्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोतली कोलंबस टॉवर ही त्रिकोणी इमारत त्यांच्या मालकीची झाली.

एवढा पैसा आला की हिशेबाची वही आणि तालमीची खोली या दोन्हीकडे माणसं वेगळ्या नजरेने बघू लागतात. इथेही तसंच झालं.

तालमीच्या खोलीतला वाद असा. गार्डला पुढे शिकायचं होतं. सर्वांनी स्वरलिपी वाचायला शिकावं, वेगवेगळ्या मुलखांतलं संगीत अभ्यासावं, जुळवणी अधिक अवघड करावी, असा त्याचा आग्रह. शेन आणि रेनॉल्ड्सचं म्हणणं, लोकांना जे आवडतंय ते आपण उत्तम करतोय, मोडायचं कशाला? मला दोन्ही बाजू पटतात. आपल्याकडच्या भजनी मंडळांत, लावणीच्या संचांत हाच वाद मी ऐकला आहे. शिकू पाहणारा माणूस इतरांना शिष्ट वाटू लागतो, आणि समाधानी माणूस त्याला आळशी वाटू लागतो. दोघंही तसे नसतात.

हिशेबाच्या वहीतला वाद जास्त खोल होता. गाण्यांच्या प्रकाशनाच्या उत्पन्नात मोठी रक्कम जुळेना आणि गार्डचा व्यवस्थेवरचा विश्वास उडाला.

इथे थोडं थांबून लोकगीताचा पैसा कसा चालतो ते सांगते, कारण माझ्याकडे आलेल्या मुलांना हे ठाऊकच नव्हतं. गाणं पारंपरिक असलं की कवी नाही, संगीतकार नाही. पण तबकडीवर 'पारंपरिक, जुळवणी अमुक' अशी एक ओळ असते. ती ओळ म्हणजे तिजोरीची किल्ली. गाणं विकलं गेलं, रेडिओवर वाजलं, दुसऱ्याने गायलं, की लेखन-संगीताच्या खात्यातला पैसा त्या ओळीतल्या नावाकडे जातो. 'टॉम डूली'च्या त्या ओळीत डेव्ह गार्डचं नाव होतं.

गाणं आलं कुठून? नॉर्थ कॅरोलिनात १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर या तरुणीचा खून झाला आणि त्याबद्दल टॉम ड्यूला या माजी सैनिकाला १८६८ मध्ये फाशी झाली. त्या डोंगरी भागात हे गाणं तोंडोतोंडी राहिलं. तंबाखूची शेती करणारे आणि स्वतः बँजो बनवणारे फ्रँक प्रॉफिट ते घरात ऐकत मोठे झाले. त्यांच्याकडून ते संग्राहक फ्रँक वॉर्नर यांनी घेतलं, वॉर्नर यांच्याकडून अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या संग्रहात गेलं आणि तिथून जगभर. प्रॉफिट यांनी हे तरुण आपल्या घरचं गाणं म्हणताना टीव्हीवर पाहिले. हक्काचा दावा उभा राहिला, पुढे तडजोड झाली आणि त्यानंतरच्या उत्पन्नात संग्राहकांचा आणि प्रॉफिट यांचा वाटा धरला गेला. तोवरची सर्वांत मोठी विक्री होऊन गेली होती.

ही बाब मी मुद्दाम लांबवली. संच फुटतो तेव्हा आपण स्वभाव बघतो, अहंकार बघतो. तबकडीच्या पाठची ती बारीक ओळ मात्र कोणी वाचत नाही.

समोरचे पर्याय

मे १९६१ मध्ये गार्डने राजीनामा दिला. ताबडतोब निघून गेला नाही. कार्यक्रम घेतलेले होते, ते करत काही महिने राहिला. हा शहाणपणाचा भाग दोन्ही बाजूंना पुढे उपयोगी पडला.

शेन, रेनॉल्ड्स आणि वर्बर यांच्यापुढे काय काय होतं? शिखरावर असताना थांबणं ही एक वाट. पण हाती करार होते, इमारत होती, त्यावर पोट असलेली माणसं होती. दोघांनीच गायचं ही दुसरी. मात्र सगळी गाणी तीन आवाजांवर रचलेली, दोघांनी म्हटली असती तर प्रत्येक गाण्यात भोक दिसलं असतं. तिसरी वाट हुबेहूब गार्ड शोधण्याची: तसाच बँजो, तसंच बोलणं, तसाच उंच अंगाचा मुलगा. चौथी, नवा माणूस घेऊन नावच नवं करण्याची.

हुबेहूब माणूस शोधण्याचा मोह अशा वेळी सर्वांत मोठा असतो. आपल्याकडे पहिली चौकशी हीच होते, "तसाच गाणारा कोणी आहे का?" मला हा पर्याय नेहमी धोक्याचा वाटतो. नक्कल करणाऱ्याला रोज मूळ माणसाशी मोजलं जातं, आणि तो दरवेळी थोडा कमी भरतो.

चौथ्या वाटेवर त्यांनी फार वेळ घालवला असेल असं वाटत नाही. चार वर्षांत त्या नावाने जे कमावलं होतं ते सोडून देण्यासारखं नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी त्यांनी पैशाचं मिटवलं. गार्डचा भागीदारीतला हिस्सा ३,००,००० डॉलरना विकत घ्यायचा आणि रक्कम काही वर्षांत हप्त्यांनी द्यायची, असं ठरलं. त्या काळच्या मानाने ही रक्कम डोळे विस्फारणारी आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट कायमची सुटली: किंग्स्टन ट्रिओ या नावावर गार्डचा दावा उरला नाही. तो दुसरा संच काढू शकत होता, त्या नावाने नाही. मनं दुखावलेलीच राहिली, पण नावावरून कोर्टकचेरी झाली नाही.

मग माणूस. जॉन स्टुअर्ट हा कॅलिफोर्नियाचाच तरुण, जेमतेम बावीस वर्षांचा. तो कंबरलँड थ्री नावाच्या त्रिकुटात गात होता, गिटार आणि बँजो दोन्ही वाजवत होता. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूची: त्याने लिहिलेली गाणी किंग्स्टन ट्रिओने आधीच गायली होती. म्हणजे त्याला यांचा घाट माहीत होता आणि यांना त्याचं लिखाण. १९६१ संपायच्या आत त्याच्यासह पहिली तबकडी बाजारात होती.

आणि चौथा माणूस? बक व्हीट गार्डबरोबर गेला. त्याच्या जागी डीन रायली हा बासवादक आला. मला या बदलाबद्दल नेहमी वाटतं की त्याला त्याचं माप मिळालं नाही. तीन गळे आणि तीन तारवाद्यं यांच्या खाली जमीन धरणारा तोच होता. एकाच वेळी वरचा खांब आणि खालची जमीन दोन्ही बदलली, तरी इतिहासात फक्त खांबाची नोंद राहिली. आपल्या शाहिरी पार्टीतल्या झीलकऱ्यांचं, ढोलकीवाल्याचं तरी काय वेगळं होतं?

परिणाम

बदल टिकला, नुसता टिकला नाही तर फळला. १९६२ आणि १९६३ या दोन वर्षांत स्टुअर्टच्या संचाची गाणी पुन्हा यादीत वर गेली. माझ्या मते याचं कारण असं की त्यांनी गार्डची जागा भरली नाही, जागेचा आकार बदलला. गार्ड जुळवणीकार होता, स्टुअर्ट गीतकार. शेनचा मधला आवाज आणि रेनॉल्ड्सचा वरचा आवाज जिथल्या तिथे राहिल्याने कानाला ओळख पटत होती. नवं होतं ते गाण्यांच्या आतलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कारकिर्दीतला तरुणांचा उत्साह स्टुअर्टच्या लिखाणात उतरला आणि त्रिकुटाला पुढची दोन-तीन वर्षं मिळाली.

गार्डने व्हिस्कीहिल सिंगर्स हा संच काढला. ज्युडी हेन्स्की ही दमदार गायिका, सायरस फर्यार आणि व्हीट असे सोबती. कलेच्या दृष्टीने धाडसी संच होता, पण १९६२ संपता संपता तोही संपला आणि गार्ड ऑस्ट्रेलियाला गेला. नाव नसलं की किती मागून सुरुवात करावी लागते, त्याचा हा दाखला आहे.

१९६४ मध्ये सगळ्यांचंच गणित बदललं. इंग्लंडचा बीटल्स हा संच आला, तोही त्याच कॅपिटल कंपनीवर. ट्रिओ डेक्का कंपनीकडे गेला. श्रोते कमी होत गेले आणि १७ जून १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'हंग्री आय' क्लबमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. रेनॉल्ड्स ऑरेगनला शेतावर निघून गेला. स्टुअर्टचं 'डेड्रीम बिलिव्हर' त्याच वर्षी मंकीज या संचाने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं.

नावाचा दुसरा अंक

बहुतेक लेख इथे संपतात. माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथून पुढे आहे.

शेनला थांबायचं नव्हतं. एकट्याने गाऊन बघितलं, जमेना. १९६९ मध्ये त्याने रेनॉल्ड्स आणि वर्बरकडे नाव वापरायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण एका अटीवर: नावाच्या आधी 'न्यू' हा शब्द ठळकपणे हवा. म्हणून पॅट होराइन आणि जिम कॉनर यांच्यासह उभा राहिला तो 'न्यू किंग्स्टन ट्रिओ'. संगीत वाईट नव्हतं. पण लोकांना शेनच्या तोंडून जुनीच गाणी हवी होती. १९७३ मध्ये होराइन आणि कॉनर गेले, रॉजर गँबिल आणि बिल झॉर्न आले.

१९७६ मध्ये शेनने जो सौदा केला त्याकडे प्रत्येक कलाकाराने नीट बघावं. 'न्यू' हा शब्द काढून मूळ नाव विनाअट वापरायचा हक्क त्याने घेतला, आणि त्याच्या बदल्यात ट्रिओच्या जुन्या कंपनीतला स्वतःचा हिस्सा सोडला. त्या कंपनीकडे जुन्या कितीतरी गाण्यांचे हक्क होते, आणि ती तेव्हाही चांगली कमावत होती.

गाण्याचा हक्क हा नारळाच्या झाडासारखा, तुम्ही झोपलात तरी वर्षाकाठी काही ना काही पडतं. नाव हे बैलासारखं. रोज उठून जुंपलं तरच शेत नांगरलं जातं. शेन बेचाळीस वर्षांचा होता. त्याने बैल घेतला. हिशेबनीस म्हणून मला कोणी विचारलं असतं तर मी झाड घ्यायला सांगितलं असतं. पण त्याला गायचं होतं, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं, २००४ मध्ये हृदयविकाराचा झटका येईपर्यंत, तो त्याच नावाने गावोगाव गात राहिला. ज्याला मंचच हवा आहे त्याच्यासाठी हा सौदा योग्य होता, हे मला आता मान्य आहे.

१९७६ मध्येच झॉर्नच्या जागी जॉर्ज ग्रोव्ह आला, बँजो घेऊन, आणि २०१७ पर्यंत राहिला. एक्केचाळीस वर्षं. डेव्ह गार्ड चार वर्षं होता. तरी आजही किंग्स्टन ट्रिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गार्डचा बँजो येतो, ग्रोव्हचा नाही. एका माणसाने आयुष्य दिलं आणि आठवण मात्र पहिल्या चार वर्षांची राहिली, हे मला खुपतं.

७ नोव्हेंबर १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मॅजिक माउंटन या करमणूक उद्यानात टीव्हीसाठी मोठा मेळावा झाला. गार्ड, रेनॉल्ड्स, शेन, स्टुअर्ट, गँबिल आणि ग्रोव्ह असे सहा जण एका मंचावर आले. वरवर सगळं आनंदाचं होतं, पण गार्ड आणि शेनमधलं जुनं पुरतं निवळलेलं नव्हतं. वृत्तपत्रांतही ते आलं. त्यानंतर १९८५ मध्ये गँबिल अकाली गेला, बॉब हॅवर्थ आला. १९८८ मध्ये निक रेनॉल्ड्स परतला आणि १९९९ पर्यंत गायला. शेन उतरल्यावर ग्रोव्ह, झॉर्न आणि रिक डॉर्टी असा संच झाला, म्हणजे मूळ तिघांपैकी एकही नाही. २०१७ मध्ये नाव वापरण्याचा परवाना दुसऱ्यांकडे गेला आणि एका झटक्यात तिन्ही गळे बदलले. नव्या संचात सुरुवातीला निकचा मुलगा जॉश होता. गार्ड १९९१ मध्ये, स्टुअर्ट आणि रेनॉल्ड्स २००८ मध्ये आणि शेन जानेवारी २०२० मध्ये वारला.

वेगळं काय करता आलं असतं

तमाशाच्या फडांनी या प्रश्नाचं एक उत्तर फार पूर्वी शोधलेलं आहे. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' हे नाव वाचा. त्या 'सह'मध्ये सगळं येतं: फड कोणाचा, परंपरा कोणाची, सोबत कोण. फलक वाचून तिकीट काढणाऱ्याला काय मिळणार ते कळतं. 'न्यू' या शब्दात ते नाही. तो फक्त जुनं नाही एवढंच सांगतो. शेन आणि वर्बर यांनी १९६९ मध्ये 'न्यू'ऐवजी माणसांची नावं जोडली असती तर होराइन आणि कॉनर यांना स्वतःची ओळख मिळाली असती, आणि लोकांची निराशाही कमी झाली असती असं मला वाटतं.

दुसरं टोकही आपल्याकडे आहे. चाळीसच्या दशकात मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर हे तीन शाहीर लाल बावटा कलापथकात एकत्र होते. तिघांपैकी कोणाचंच नाव पथकाला नव्हतं. ते चळवळीचं होतं. तिथे नाव वाटून घेण्याचा प्रश्न येत नाही. पण ज्यांचा गट पोटासाठी आहे त्यांना तो टाळता येत नाही.

मग कागद कधी करायचा? ट्रिओचा वेगळं होण्याचा कागद १९६१ मध्ये झाला, तोही गार्ड रागावून निघाल्यावर, म्हणून तीन लाख डॉलर पडले. पर्पल अनियनच्या दिवसांत, जेव्हा कोणाकडेच काही नव्हतं आणि कोणी कोणावर रुसलेलं नव्हतं, तेव्हा अर्ध्या तासात तो झाला असता. आपल्याकडे १९३२ चा भागीदारी कायदा आहे. लेखी काही नसलं तरी मिळून कार्यक्रम करून नफा वाटून घेणारे लोक भागीदार ठरू शकतात. वेगळं ठरलेलं नसेल तर वाटा समान, आणि नावाची पत ही भागीदारीची मालमत्ता. नावाची नोंदणी व्यापारचिन्हांच्या कायद्याखाली ४१ व्या वर्गात, म्हणजे मनोरंजनाच्या सेवांत, करता येते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ खाली वेगळा हक्क आहे. लोकगीत सर्वांचं, पण त्याचं ध्वनिमुद्रण आणि सादरीकरण सर्वांचं नसतं.

नाव, गाणी आणि जुनी ध्वनिमुद्रणं या तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधू नयेत, हे मी १९७६ च्या सौद्यावरून शिकले. त्या वेगळ्या असल्यामुळेच शेनला एक घेऊन दुसरी सोडता आली. 'जुळवणी' या शब्दापुढे कोणाचं नाव येणार तेही आधीच ठरवावं, आणि गाणं ज्या घरातून, ज्या आजीकडून आलं तिचं नाव निवेदनात आणि तबकडीवर दोन्हीकडे यावं. प्रॉफिट यांना आपलं गाणं टीव्हीवर अनोळखी तोंडून ऐकावं लागलं, तशी वेळ आपल्या खेड्यातल्या कुणा म्हातारीवर यू-ट्यूबमुळे आज सहज येऊ शकते.

त्या तीन मुलांचा कागद आम्ही दोन बैठकांत केला. नाव राहणाऱ्या दोघांकडे. जाणाऱ्याला तोवरच्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नात तिसरा वाटा, आणि घेतलेल्या सुपाऱ्या दिवाळीपर्यंत तिघांनी मिळून पुऱ्या करायच्या. नवा गाणारा येईल त्याचं नाव फलकावर 'सह' लिहून. अधूनमधून दिमडी वाजवायला येणाऱ्या शेजारच्या पोराची बिदागीही त्यात लिहिली. आधी ती कुठेच नव्हती. सह्या करायच्या वेळी जाणाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि एक ओळ वाढवायला सांगितली. मी ती त्याच्याच शब्दांत लिहिली: "माझ्या जागी कोणालाही घ्या, पण पोस्टरवर माझा फोटो ठेवून त्याला गायला लावू नका."